पुनरुत्थानाविषयीचा ख्रिस्ती विश्वास मुळातून कसा वाचावा

ख्रिस्ती माणूस मेल्यानंतर कुठे जातो, असे विचारले की विचारणारा आणि सांगणारा दोघेही बहुधा एकाच उत्तरावर थांबतात: भला असेल तर स्वर्गात, नसेल तर नरकात. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे, आणि जो अर्धा भाग गळतो तोच बायबलच्या दृष्टीने अधिक वजनाचा आहे. उपासनेत म्हटला जाणारा प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचे ठरीव निवेदन, लक्षपूर्वक ऐकला, तर आत्मा स्वर्गात जातो असे विधान त्यात कुठेही आढळत नाही. त्याचा शेवट होतो तो शरीराच्या पुनरुत्थानावरील, म्हणजे मेलेले शरीर पुन्हा उठवले जाण्यावरील, आणि सार्वकालिक जीवनावरील विश्वासाने. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपल परिषदेशी जोडला जाणारा नायसीन विश्वासांगीकारही मृतांच्या पुनरुत्थानाचीच वाट पाहतो. म्हणून या विषयाचे वाचन करू इच्छिणाऱ्याला माझा सल्ला असा की, आत्मा कुठे जातो हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा, शरीराचे काय होते या प्रश्नापासून सुरुवात करावी आणि मृत्यू व पुनरुत्थान यांच्या मधल्या काळाकडे त्यानंतरच वळावे. क्रम उलटा केला की पुनरुत्थान हे स्वर्गाला जोडलेले अनावश्यक शेपूट वाटू लागते, आणि मग ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण, हा ख्रिस्ती वर्षातला सर्वांत मोठा सण का, याचेही उत्तर सापडत नाही.

साहित्य फारसे लागत नाही. एक मराठी बायबल, एक वही, पेन्सिल आणि सलग दीड-दोन तास मिळतील अशा तीन-चार संध्याकाळी पुरतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ सर्रास वापरले जाते. कॅथलिक बायबलमध्ये त्याखेरीज मक्काबींच्या ग्रंथांसारखी काही पुस्तके अधिक असतात, आणि या विषयाला त्यांची गरज पडणार असल्याने शक्य असेल तर दोन्ही जवळ ठेवावीत. मोबाइलवर वाचण्याला हरकत नाही, परंतु येशूचे जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकाची दुसऱ्याशी तुलना करताना छापील प्रतच सोयीची पडते, कारण दोन-तीन ठिकाणी बोटे घालून ठेवता येतात.

आधी काय बाजूला ठेवावे

मराठी वाचकाच्या, तो ख्रिस्ती असला तरी, मनात दोन कल्पना इतक्या मुरलेल्या असतात की त्या आपण बाहेरून आणल्या आहेत हे त्याच्या लक्षातही येत नाही. पहिली पुनर्जन्माची. जीर्ण वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसा आत्मा देह बदलतो, हा गीतेतला विचार आपल्या बोलण्यात, अभंगांत, शोकसभेतल्या भाषणांत सतत येतो. दुसरी कल्पना, देह म्हणजे नाशिवंत कुडी आणि तिच्यातून सुटका होणे म्हणजेच मुक्ती. या दोन्ही विचारांना स्वतःची परंपरा आणि स्वतःचे तर्कशास्त्र आहे. त्यांच्याशी वाद घालण्याचे इथे कारण नाही. मात्र ते डोक्यात ठेवून आद्य ख्रिस्ती प्रेषित पौल याची बायबलमधली पत्रे वाचली, तर जवळजवळ प्रत्येक वाक्याचा अर्थ तिरका लागतो.

यासाठी वहीच्या पहिल्या पानावर दोन वचने लिहून ठेवावीत. इब्री लोकांस पत्र ९:२७ म्हणते की माणसाला एकदाच मरायचे असते आणि त्यानंतर न्याय होतो. म्हणजे जन्म-मरणाचा फेरा इथे गृहीत नाही. रोमकरांस पत्र ८:२३ मध्ये पौल ज्या मुक्तीची वाट पाहतो ती शरीरापासूनची मुक्ती नसून शरीराची मुक्ती आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने जे निर्माण केले ते चांगले आहे असे पुन:पुन्हा म्हटले आहे, आणि जे चांगले निर्माण केले ते देव टाकून देणार नाही, हा त्यामागचा धागा आहे.

जुन्या करारातून झपाट्याने

जुना करार पूर्ण चाळत बसण्याची गरज नाही, पण चार-पाच ठिकाणे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण येशूच्या काळातील यहुदी लोकांमध्येच या प्रश्नावर एकमत नव्हते हे त्यांतून कळते. स्तोत्र ६:५ आणि उपदेशक ९:५ वाचावे. तिथे मेलेले सगळेच, बरे आणि वाईट, अधोलोकात जातात. तिथे ना स्तुती आहे ना स्मरण. ही स्वर्ग-नरकाची विभागणी नव्हे. यशया २६:१९ मध्ये मेलेले उठतील अशी आशा डोकावते, आणि दानीएल १२:२ मध्ये ती स्पष्ट होते: मातीत निजलेल्यांपैकी अनेक जण जागे होतील, काही जीवनासाठी तर काही अप्रतिष्ठेसाठी. यहेज्केलचा ३७ वा अध्याय, म्हणजे वाळलेल्या हाडांचे खोरे, पुनरुत्थानाच्या संदर्भात हमखास वाचला जातो, परंतु त्याच अध्यायाच्या ११ व्या वचनात ती हाडे म्हणजे इस्राएलचे घराणे आहे असे सांगितले आहे. तो मुळात बंदिवासात खचलेल्या राष्ट्राविषयीचा दृष्टान्त आहे, हे विसरू नये.

कॅथलिक बायबल हाताशी असेल तर मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा सातवा अध्याय इथे वाचावा. छळ सोसणाऱ्या सात भावांपैकी एक जण आपले हात पुढे करतो आणि ते आपल्याला देवाकडून परत मिळतील असे म्हणतो. ही आशा किती शारीरिक होती, हे त्या हातांवरून समजते.

यानंतर मार्क १२:१८–२७. पुनरुत्थान न मानणारे सदूकी या यहुदी पंथाचे लोक सात भावांनी एकामागून एक केलेल्या एकाच बाईचा पेच घालतात. पुनरुत्थानात ती सातांपैकी कोणाची बायको होणार, असा त्यांचा खवचट सवाल आहे. येशू उत्तर देताना दोन गोष्टी करतो: पुनरुत्थान आहेच असे ठामपणे सांगतो, आणि ते जीवन आजच्या जीवनाची जशीच्या तशी पुनरावृत्ती असेल ही समजूत खोडून काढतो. दोन्ही गोष्टी वहीत नोंदवाव्यात. पौल पुढे नेमके हेच करतो.

शुभवर्तमाने: दोन कबरी शेजारी शेजारी ठेवून

आता चारही शुभवर्तमानांचे शेवटचे अध्याय वाचावेत: मत्तय २८, मार्क १६, लूक २४, योहान २० आणि २१. पण त्याआधी योहान ११ वाचावा, कारण त्यातील लाजाराची कबर आणि विसाव्या अध्यायातील येशूची कबर लेखकाने एकमेकींच्या जवळ आणून ठेवल्यासारख्या आहेत. लाजार बाहेर येतो तेव्हा त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले असतात, तोंडाला रुमाल गुंडाळलेला असतो, आणि येशूला इतरांना सांगावे लागते की त्याला मोकळे करा. येशूच्या कबरेत पेत्र शिरतो तेव्हा तागाची वस्त्रे तिथेच पडलेली असतात, आणि डोक्याचा रुमाल त्यांच्याबरोबर नसून वेगळा, गुंडाळून एका जागी ठेवलेला असतो. लाजाराला ती वस्त्रे पुन्हा एकदा लागणार होती. तो पूर्वीच्याच जीवनात परतला आणि पुढे कधीतरी मेला असणार. येशूचे उठणे हे मागे परतणे नव्हे, मरणातून पलीकडे निघून जाणे आहे. हा भेद ज्याला या दोन उताऱ्यांतून दिसला, त्याला ‘मेलेला माणूस जिवंत झाला’ आणि ‘पुनरुत्थान’ यांतले अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याच अकराव्या अध्यायात लाजाराची बहीण मार्था हिचे उत्तरही पाहावे. भाऊ उठेल असे येशू म्हणतो, तेव्हा ती शेवटल्या दिवशी, पुनरुत्थानाच्या वेळी उठेल हे मला ठाऊक आहे असे सांगते. गावातल्या एका साध्या यहुदी बाईची ही श्रद्धा होती.

शेवटचे अध्याय वाचताना वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारावी. एका बाजूला उठलेल्या येशूच्या शरीरात पूर्वीसारखे काय आहे ते लिहावे: हातांतल्या जखमा, ओळखीचा आवाज, भाजलेल्या माशाचा तुकडा खाणे, तिबिर्याच्या समुद्राकाठी शिष्यांसाठी कोळशाचा विस्तव पेटवून न्याहारी तयार ठेवणे. दुसऱ्या बाजूला जे पूर्वीसारखे नाही ते लिहावे: मग्दालीया मरीयेला तो आधी माळी वाटतो, अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे मैलोगणती बरोबर चालूनही त्याला ओळखत नाहीत, बंद दारांआड तो मध्येच येऊन उभा राहतो, आणि भाकर मोडल्यावर ओळख पटते न पटते तोच दिसेनासा होतो. दोन्ही रकाने भरले की लक्षात येते की लेखकांना भूतही अभिप्रेत नाही आणि नुसते सजीव झालेले प्रेतही नाही. कोणताही एक रकाना खोडायचा मोह आवरावा. सर्व ख्रिस्ती पुनरुत्थानविचार या दोहोंना एकत्र धरण्याच्या प्रयत्नातून आला आहे.

कबरेपाशी किती स्त्रिया आल्या, देवदूत एक होता की दोन, शिष्यांना दर्शन यरुशलेमात झाले की गालीलात, याबाबत चारही वृत्तान्त तंतोतंत जुळत नाहीत. त्यांची ओढूनताणून एकच गोष्ट करू नये. आधी प्रत्येकाला त्याचे म्हणणे पूर्ण करू द्यावे. ज्या गोष्टींत ते एक आहेत त्या कमी महत्त्वाच्या नाहीत: आठवड्याचा पहिला दिवस, रिकामी कबर, आणि प्रथम साक्षीदार म्हणून स्त्रिया. उठण्याचा प्रत्यक्ष क्षण मात्र चौघांपैकी कोणीच वर्णन करत नाही. मार्क १६:९ पासूनचा भाग सर्वांत जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही. तिथे शुभवर्तमान आठव्या वचनावर, घाबरून पळणाऱ्या स्त्रियांवर संपते.

करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १५

या विषयावर एकच अध्याय वाचायला वेळ असेल तर तो हा. अठ्ठावन्न वचनांचा हा अध्याय पौलाने इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिलेल्या पत्रात आहे; म्हणजे आज आपल्या हातांत असलेल्या शुभवर्तमानांपेक्षा तो बहुधा जुना आहे. करिंथ हे ग्रीसमधले भरभराटीचे बंदर, इ. स. पूर्व ४४ मध्ये रोमन वसाहत म्हणून नव्याने उभारलेले. पौल तिथे दीड वर्ष राहिला होता. त्याआधी अथेन्समध्ये मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय काढताच काहींनी त्याची थट्टा केली होती, हे प्रेषितांची कृत्ये १७:३२ मध्ये आहे. ग्रीक सुशिक्षिताला आत्म्याचे अमरत्व पटण्यासारखे होते. शरीर परत मिळणे त्याला किळसवाणे वाटे. करिंथच्या मंडळीतले काही जण मृतांचे पुनरुत्थान नाही असे म्हणत होते, आणि १२ व्या वचनात पौल त्यांनाच उत्तर देतो. प्रश्न कोणाचा आहे हे माहीत असल्याशिवाय उत्तर वाचू नये.

पहिला टप्पा, वचने १ ते ११. इथे पौल युक्तिवाद करत नाही, साक्षीदारांची यादी देतो, आणि ती आपल्याला मिळाली तशीच आपण सोपवली असे सांगतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना. पुढे पाचशेहून अधिक बंधूंचा उल्लेख येतो, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत अशी पुस्ती. जाऊन विचारा, असाच त्याचा सूर आहे. त्यानंतर याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी स्वतः पौल. इथे गलतीकरांस पत्र १:१८–१९ उघडून पाहावे. पौल यरुशलेमात केफाकडे पंधरा दिवस राहिला होता आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला होता, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे यादीतली ही दोन नावे त्याच्या परिचयाच्या माणसांची आहेत. शुभवर्तमानांत ज्यांच्यापासून सुरुवात होते त्या स्त्रियांचे नाव मात्र या यादीत नाही. वहीत तेही लिहून ठेवावे.

दुसरा टप्पा, वचने १२ ते ३४. इथे पेन्सिलीने प्रत्येक ‘जर’ आणि ‘तर’ अधोरेखित करावा. मेलेले उठत नसतील तर ख्रिस्तही उठलेला नाही. तो उठलेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, तुमचा विश्वास व्यर्थ, तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, आणि ख्रिस्तात जे निजले त्यांचा नाश झाला. स्वतःच्या धर्माचा पाया कुठे घाव घातला असता कोसळेल हे इतक्या स्वच्छपणे लिहिणारा लेखक विरळा. मग २० व्या वचनात बाजू पालटते: ख्रिस्त उठवला गेला आहे आणि तो निजलेल्यांतले प्रथमफळ आहे. लेवीय २३:१०–११ मध्ये पिकाची पहिली पेंढी देवापुढे आणण्याचा विधी आहे. पहिली पेंढी आणि उरलेले पीक एकाच शेतातले असते. म्हणून येशूचे पुनरुत्थान हा एका व्यक्तीपुरता चमत्कार न राहता सर्वांच्या पुनरुत्थानाचा आरंभ ठरतो. २६ व्या वचनात मरणाला शेवटचा शत्रू म्हटले आहे. मरण हे मित्र नाही, विश्रांती नाही, नैसर्गिक टप्पाही नाही. ते शत्रू आहे आणि त्याचा पराभव व्हायचा आहे. २९ व्या वचनात मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेण्याचा उल्लेख येतो. त्यावर इतकी स्पष्टीकरणे आहेत की पहिल्या वाचनात तिथे अडकून पडण्यात अर्थ नाही.

तिसरा टप्पा, वचने ३५ ते ४९, इथे वेळ द्यावा. मेलेले कसे उठतात, कोणत्या शरीराने येतात, हा प्रश्न पौल स्वतःच मांडतो आणि विचारणाऱ्याला मूर्ख म्हणून फटकारून गव्हाच्या दाण्याकडे बोट दाखवतो. आपण जे पेरतो ते पुढे होणारे अंग नसते, नुसता दाणा असतो. दाणा आणि रोप यांत सातत्य आहे, कारण गव्हाच्या दाण्यातून गहूच उगवतो; पण दाणा पाहून रोपाच्या रूपाची कल्पना कोणी करू शकत नाही. शुभवर्तमानांच्या वेळी केलेले दोन रकाने इथे पुन्हा उघडावेत, म्हणजे पौल तीच दोन टोके कशी जोडतो ते दिसेल. ४२ ते ४४ या वचनांत चार जोड्या येतात: विनाशीपण आणि अविनाशीपण, अपमान आणि गौरव, अशक्तपणा आणि सामर्थ्य, प्राणमय शरीर आणि आध्यात्मिक शरीर. चारही वेळा जे पेरले जाते तेच उठवले जाते. शेवटच्या जोडीशी वाचक हमखास घसरतो आणि आध्यात्मिक शरीर म्हणजे वायुरूप, हाडामांसाविना असलेले काहीतरी असे समजतो. त्याने याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायाची १४ आणि १५ ही वचने वाचावीत. तिथे पौल असाच भेद चालत्याबोलत्या माणसांमध्ये करतो. आध्यात्मिक माणूस म्हणजे देवाच्या आत्म्याने चालणारा माणूस, अदृश्य माणूस नव्हे. त्याच न्यायाने आध्यात्मिक शरीर म्हणजे देवाच्या आत्म्याने जिवंत राहणारे शरीर.

चौथा टप्पा, वचने ५० ते ५८. मांस व रक्त यांना देवाच्या राज्याचे वतन मिळत नाही हे ५० वे वचन आणि उठलेल्या येशूला मांस व हाडे आहेत असे सांगणारे लूक २४:३९ यांची टक्कर होते असे वाटेल. पौलाचा रोख मात्र माणसाच्या आजच्या मर्त्य, कुजणाऱ्या अवस्थेवर आहे, हे त्याच वचनाच्या उत्तरार्धावरून कळते. मग तो एक रहस्य सांगतो: सगळेच मरणार नाहीत, पण सगळ्यांचे रूपांतर होईल, क्षणात, शेवटचा कर्णा वाजताना. त्यानंतर यशया आणि होशेय यांच्या शब्दांत मरणाला उद्देशून विचारलेला तो प्रसिद्ध प्रश्न येतो, तुझा विजय कुठे आणि तुझी नांगी कुठे. ईस्टरच्या संदेशात बहुतेक वक्ते इथे थांबतात. आपण थांबू नये. ५८ व्या वचनात निष्कर्ष येतो तो असा की म्हणून स्थिर राहा आणि काम करत राहा, कारण तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि लगेच पुढचे वाक्य, जे अध्यायांच्या विभागणीमुळे सोळाव्या अध्यायात गेले आहे, ते यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करण्याविषयी आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे बाजूला काढून ठेवावेत, असे पौल लिहितो. अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकातली आहे. मूळ पत्र ऐकणाऱ्याच्या कानावर शेवटचा कर्णा आणि वर्गणी लागोपाठ पडत होते.

मधला काळ

इतके वाचून झाल्यावर मग बाजूला ठेवलेला प्रश्न घ्यावा: आज मेलेला माणूस शेवटल्या दिवसापर्यंत कुठे असतो? नव्या करारात यावर सलग शिकवण नाही, उल्लेख आहेत. लूक २३:४३ मध्ये येशू वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील असे सांगतो. फिलिप्पैकरांस १:२३ मध्ये पौल येथून निघून ख्रिस्ताजवळ असण्याची इच्छा बोलून दाखवतो. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मेलेल्यांना निजलेले म्हटले आहे. मृत्यूच्या जाहिरातीत आपण ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ असे छापतो ते याच भाषेत. श्रीमंत माणूस आणि लाजार (हा योहान ११ मधला लाजार नव्हे) यांचा लूक १६ मधला दृष्टान्त परलोकाचा नकाशा म्हणून वाचण्यापेक्षा दारात पडलेल्या गरिबाकडे दुर्लक्ष करणाऱ्याला दिलेला इशारा म्हणून वाचणे अधिक सुरक्षित, असे माझे मत आहे.

चर्चच्या वाटा इथे फुटतात. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे मृत्यूनंतर लगेच प्रत्येकाचा व्यक्तिगत न्याय होतो, आणि जे देवाच्या कृपेत मेले पण पूर्ण शुद्ध झाले नाहीत त्यांची शुद्धिस्थानात शुद्धी होते. मृतांसाठी मिस्सा आणि प्रार्थना त्यासाठीच असतात, आणि मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय त्याला आधार म्हणून दिला जातो. फ्लोरेन्सच्या परिषदेने १४३९ मध्ये आणि ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये हे अधिकृतपणे मांडले. शुद्ध झालेल्या आत्म्यांना पुनरुत्थानाची वाट न पाहताच देवाचे दर्शन होते, हे पोप बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ मध्ये निश्चित केले. त्यांच्या आधीचे पोप जॉन बाविसावे यांनी प्रवचनांतून याच्या उलट मत मांडून मोठा गदारोळ उडवून दिला होता आणि मरणशय्येवर ते मागे घेतले होते. हा प्रश्न कॅथलिक चर्चमध्येही सहजासहजी सुटलेला नाही, हे त्यावरून ध्यानात यावे. ऑर्थोडॉक्स चर्च मृतांसाठी प्रार्थना करतात पण शुद्धिस्थानाचा सिद्धान्त मानत नाहीत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी तो नाकारला. विश्वासणारा थेट ख्रिस्ताजवळ जातो आणि तिथे पुनरुत्थानाची वाट पाहतो, अशी त्यांची सर्वसाधारण शिकवण आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी मात्र मृत माणूस पुनरुत्थानापर्यंत भानरहित निद्रेत असतो असे मानते. वहीत प्रत्येक मताशेजारी त्याचे वचन लिहावे, आणि आपण ज्या मंडळीत बोलणार आहोत तिची भूमिका आधी पाळकांना किंवा फादरांना विचारून घ्यावी.

न्याय, नरक, हजार वर्षे

याविषयी फार वेळ घालवू नये, निदान पहिल्या वाचनात. मत्तय २५:३१–४६ आणि प्रकटीकरण २० ही दोन स्थळे वाचावीत. पहिल्यात न्यायाचा निकष भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, तुरुंगातल्याची भेट असा आहे. हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख प्रकटीकरणाच्या त्या एकाच अध्यायात आहे, आणि ते शब्दशः घ्यायचे की प्रतीक म्हणून, यावर मंडळ्यांत जेवढी शाई सांडली तेवढी त्या सहा-सात वचनांना झेपणारी नाही. नरक अनंत आहे हे मुख्य प्रवाहाचे मत. दुष्टांचा अखेर नाश होतो असे मानणारे आणि शेवटी सगळ्यांचाच उद्धार होईल अशी आशा धरणारे, दोन्ही प्रकारचे ख्रिस्ती विचारवंत प्राचीन काळापासून आढळतात. अमुक एक माणूस नरकात आहे असे कॅथलिक चर्चने नाव घेऊन कधीही जाहीर केलेले नाही. प्रकटीकरण २१ मात्र सावकाश वाचावे. तिथे माणसे वर जात नाहीत. पवित्र नगरी स्वर्गातून खाली उतरते आणि देव माणसांमध्ये वस्ती करतो.

अंत्यविधीत हे कुठे दिसते

वाचलेले पडताळून पाहण्याची जागा म्हणजे कबरस्थान. वसईत आणि मुंबईत २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कॅथलिक कुटुंबे कबरी स्वच्छ करून फुलांनी सजवतात आणि मेणबत्त्या लावतात. तिथे मृतांसाठीची प्रार्थना ऐकू येईल. दफनाच्या वेळी मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ हे शब्द उच्चारले जातात ते सर्वांना पाठ असतात, पण प्रार्थनापुस्तकातले वाक्य तिथे संपत नाही. सार्वकालिक जीवनासाठी होणाऱ्या पुनरुत्थानाच्या खात्रीच्या आशेने हे सोपवतो, असा त्याचा उरलेला भाग आहे.

दहन केले तर पुनरुत्थान कसे होणार, हा प्रश्न गटात कोणीतरी विचारतोच. समुद्रात बुडालेल्यांचे आणि श्वापदांनी खाल्लेल्यांचे काय, हा तोच प्रश्न चर्चच्या पहिल्या शतकांतही विचारला जात होता, आणि ज्याने शून्यातून निर्माण केले त्याला विखुरलेले गोळा करणे अवघड नाही असे त्याचे उत्तर दिले गेले. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली. २०१६ मधील सूचनेत दफनाला पसंती कायम ठेवून रक्षा उधळू नये, ती पवित्र जागी ठेवावी असे सांगितले. जागेच्या टंचाईमुळे मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

शेवटी, ज्या घरी मृत्यू झाला आहे तिथे जाऊन या विषयावर बोलण्याची वेळ आली, तर ‘रडू नका, ते स्वर्गात आहेत’ हे वाक्य टाळावे. पौलाने थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असे लिहिलेले नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे लिहिले आहे. आणि लाजाराला थोड्याच वेळात उठवणार हे ठाऊक असलेला येशूही त्याच्या कबरेकडे जाताना रडला. घरच्यांनी काही वाचायला सांगितले तर योहानाचा अकरावा अध्याय १७ व्या वचनापासून वाचावा, मार्थेची तक्रार आणि तिची बहीण मरीया हिचे रडणे न गाळता, आणि वाचून झाल्यावर त्यावर भाष्य करण्याची घाई करू नये.